एकच समुद्र, दोन तारखा

(ब्रह्मा घाट, वाराणसी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



रिक्त जागा, महागाई भत्ता आणि खाजगीकरण यांवर आधीच्या वक्त्यांनी बोलून झाले आहे. आम्ही ते पुन्हा उगाळत नाही. आम्हाला समुद्राबद्दल बोलायचे आहे. काशीत बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असे तुम्ही म्हणाल. या गल्ल्यांत पेशवाईपासून मराठी घरे आहेत, पण समुद्र इथून कोणालाच दिसत नाही. तरीही या घाटाच्या पायऱ्यांखालून वाहणारे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जाते, आणि एके काळी त्या उपसागरातला मासा याच पाण्यातून उलटा वर येत असे.

हा मासा म्हणजे हिलसा. बंगाली लोक त्याला इलिश म्हणतात, आपल्या कोकणपट्टीत पाला म्हणतात. तो वाढतो खाऱ्या पाण्यात आणि अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात शिरतो. गंगेतून पाटणा, बक्सर, काशी करीत तो प्रयागपर्यंत आणि त्याच्याही वर जात असे. मग १९७५ साली फराक्काचा बंधारा सुरू झाला आणि हिलशाचे वर येणे जवळजवळ थांबले. बराकपूरच्या सरकारी संशोधन संस्थेचे लोक अलीकडे बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला हिलसा सोडत आहेत, हे चांगलेच आहे. परंतु हाताने सोडलेला मासा आणि आपल्या पायाने आलेला पाहुणा यांत फरक आहे.

फराक्काला आम्ही सरसकट शिव्या देणार नाही. कलकत्ता बंदर गाळाने भरत होते, तिथल्या गोदी कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून गंगेचे पाणी कालव्याने हुगळीकडे वळवले गेले. त्याच बंधाऱ्यावरून आपली रेल्वेलाइन उत्तर बंगालकडे जाते. गंगेच्या पाण्यासाठी भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी ३० वर्षांचा करार झाला. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांत कोणाला किती पाणी, याचा दहा-दहा दिवसांचा हिशेब त्यात आहे. माशाच्या वाटेचा हिशेब त्यात नाही. कराराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये भरते. नवा करार करताना नदीचा आणि समुद्राचा विचार एकत्र व्हावा, अशी मागणी करायला हीच वेळ आहे.

आता खाली समुद्रात काय चालते ते पाहू. माशांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवावी, हे सगळ्यांना पटते. आपल्या महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. कोळी बांधव तर पूर्वीपासून नारळी पौर्णिमा पाळत आले. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची. बांगलादेशाने मात्र आपली बंदी २० मे ते २३ जुलै अशी ६५ दिवसांची ठेवली होती. २०१९ पासून ती सर्वच नौकांना लागू झाली. म्हणजे १५ जूनला आपल्या नौका समुद्रात जात आणि पलीकडचा मच्छीमार आणखी ३९ दिवस होडी बांधून बसे. आम्ही उपाशी राहून मासा वाढवतो आणि भारताचे ट्रॉलर येऊन तो नेतात, ही तिथल्या लोकांची तक्रार वर्षानुवर्षे होती.

रेल्वेच्या माणसाला हे समजवायला नको. लाइनवर ब्लॉक घेतला की तो दोन्हीकडच्या स्टेशनांनी पाळावा लागतो. एका स्टेशन मास्तरने ब्लॉक दिला आणि दुसऱ्याने आपल्या घड्याळाप्रमाणे गाडी सोडली, तर मधल्या गँगचे काय होईल? चौकशी समिती नंतर बसेल, पण माणूस गेलेला असेल. या दोन देशांनी एकाच समुद्रावर वर्षानुवर्षे दोन घड्याळे चालवली.

२०२५ मध्ये बांगलादेशाने आपल्या तारखा बदलल्या. बंदी १५ एप्रिल ते ११ जून, ५८ दिवस, म्हणजे भारताच्या तारखांशी जवळजवळ जुळती केली. दोन्ही सरकारांचे संबंध तेव्हा काही गोडीचे नव्हते, तरी एवढे झाले. आम्हाला ही बातमी फार मोठी वाटते, वर्तमानपत्रांना ती तशी वाटली नाही.

पण तारखा जुळल्या म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. बंदीचे दिवस कोणाच्या पोटावर काढायचे? बांगलादेशात हिलशाची पिल्ले वाढण्याच्या काळात मच्छीमार कुटुंबाला चार महिने, महिना ४० किलो तांदूळ देण्याची योजना आहे. तांदळाने तेल, मीठ, औषध, सावकाराचे व्याज भागत नाही. आपल्याकडे बचत-सहाय्य योजना आहे. मच्छीमाराने स्वतःचे १,५०० रुपये भरायचे, सरकार त्यात ३,००० घालते, आणि ते ४,५०० रुपये तीन महिन्यांत महिना १,५०० प्रमाणे त्याला मिळतात. त्यातला तिसरा हिस्सा त्याचाच! कारखान्यात ले-ऑफ झाला तर कायद्याने निम्मे वेतन देण्याची तरतूद आहे. सरकारच्या हुकमाने, सगळ्या देशाच्या भल्यासाठी जो खलाशी दोन महिने घरी बसतो, त्याला महिना १,५०० रुपये, हा कोणता न्याय? मालकाची नौका किनाऱ्यावर ओढलेली असते, पण ती उद्या विकता येते. खलाशाकडे विकायला काय असते?

दुसरी गोष्ट तुरुंगाची. पाण्यावर रेघ ओढलेली नसते. भारत-बांगलादेश सागरी सीमेचा वाद २०१४ साली आंतरराष्ट्रीय लवादाने सोडवला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी सुमारे १९,४६७ बांगलादेशाला मिळाले आणि भारताने तो निकाल मान्य केला. मोठ्या देशाने लहान देशाविरुद्धचा निकाल मुकाट्याने मानला, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण लवादाचा नकाशा तांडेलाच्या हातात नसतो. जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पकडलेले मच्छीमार परत केले, तेव्हा ९५ भारतीय आणि ९० बांगलादेशी घरी गेले. एवढ्या घरांत इतके दिवस चूल कशी पेटली असेल, याचा हिशेब कोणत्याही करारात नाही.

पश्चिमेकडे याहून वाईट आहे. आपल्या पालघर जिल्ह्यातली माणसे गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच एका नौकेवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला आणि पालघरचा एक खलाशी ठार झाला. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यांत मच्छीमार वेगळे दाखवलेले असतात. यादी येते, माणूस कधी येईल ते यादीत नसते.

आणि इथे टपाल कामगारांनी लक्ष द्यावे. जागतिक टपाल संघ १८७४ साली स्थापन झाला, भारत त्यात १८७६ पासून आहे. ज्या देशांचे आपसात पटत नाही तेही एकमेकांच्या टपालाच्या थैल्या घेतात, कारण पत्र अडवण्यात कोणाचाच फायदा नाही हे सगळ्यांना दीडशे वर्षांपूर्वीच कळले. मे २०२५ मध्ये भारत सरकारने पाकिस्तानातून येणारे टपाल आणि पार्सल बंद केले. सुरक्षेची कारणे असतील, त्यात आम्ही शिरत नाही. पण कराचीच्या तुरुंगातल्या खलाशाचे पत्र कोणत्या वाटेने घरी यावे, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे. कैद्यांच्या पत्रांपुरती वाट रेड क्रॉसमार्फत का होईना उघडी राहावी, असे आमचे मत आहे.

दक्षिणेकडे मात्र दोष आपल्या बाजूला आहे, तोही बोलला पाहिजे. पाल्कच्या सामुद्रधुनीत समुद्राचा तळ खरवडणारी ट्रॉलची जाळी आपल्या बाजूच्या मोठ्या नौका टाकतात. श्रीलंकेने २०१७ साली असल्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. जी जाळी फाटतात ती उत्तर श्रीलंकेतल्या गरीब तमिळ मच्छीमारांची, आणि पकडला जातो रामेश्वरमचा रोजंदारी खलाशी. ट्रॉलरचा मालक दोन्हीकडे दिसत नाही.

हे सगळे सोडवायला टेबल नाही असे नाही. चेन्नईला बंगालच्या उपसागराची एक आंतरसरकारी संघटना २००३ पासून आहे. भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव तिचे सदस्य. दूरच्या खुल्या समुद्रासाठी २०२३ साली झालेला जागतिक करारही १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. पण चर्चेला सरकारे बसतात, तज्ज्ञ बसतात, समुद्रात जाणारा बसत नाही. रेल्वेत आपण संयुक्त सल्लागार यंत्रणा लढून मिळवली. तिच्यात कितीही दोष असोत, आपला माणूस समोर बसतो आणि फाइल मागतो. खलाशाला तेवढेही नाही.

म्हणून आज सभेपुढे ठराव ठेवत आहोत. मच्छीमारीतल्या कामाबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ चा करार, क्रमांक १८८, भारत सरकारने मंजूर करावा. बंदीच्या काळात खलाशाला निदान किमान वेतनाच्या निम्मी रक्कम मिळावी, स्वतःचा हिस्सा न भरता. शेजारी देशांशी बंदीच्या तारखा दरवर्षी आधी ठरवाव्यात आणि त्या बैठकीत मच्छीमार कामगारांचे प्रतिनिधी असावेत. चुकून सीमा ओलांडलेल्याला नौकेसह परत पाठवावे, तुरुंगात नव्हे. गंगेच्या नव्या करारात फराक्काला माशाची वाट ठेवावी.

ठरावाची प्रत मराठीत आणि हिंदीत काढली आहे. इथले मल्लाह बांधवही त्यावर सह्या करणार आहेत. सह्या झाल्यावर एक प्रत फेडरेशनकडे आणि एक दिल्लीला मत्स्यव्यवसाय मंत्रालयाकडे स्पीड पोस्टाने जाईल. पोचपावती इथल्या शाखेने जपून ठेवावी.