कुकर फुटायचाच, तर कुठे?



सकाळची वेळ आहे, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आत्ता कुकर लागलेला असेल. त्याच्या आत दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जादा दाब आहे आणि पाणी शंभराऐवजी १२० अंशांना उकळतंय. थोडक्यात, ओट्यावर बॉयलरच. कारखान्यातल्या बॉयलरपाशी परवानाधारक माणूस लागतो. इथे आपण तिसरी शिट्टी झाली की नाही यावरून घरात वाद घालत असतो. हा निर्धास्तपणा आला कुठून?

भांड्यापासून सुरुवात करू. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोल चकती घ्यायची, कारखान्यात तिला ‘सर्कल’ म्हणतात. ती डायवर ठेवून प्रेसच्या पंचने आत ढकलायची. एका दणक्यात सपाट चकतीचं भांडं होतं आणि त्याला सांधा कुठेच नसतो. धातू वितळवून साच्यात ओतलं असतं तर? ओतताना आत वायू अडकतो, बारीक छिद्रं राहतात, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. अमेरिकेत असे जाड, ओतीव कुकर बनतात. पण रोज दोनदा घासायला ते कोण उचलणार?

अर्थात कुठलाही पत्रा असा ओढला जात नाही. त्यासाठी एरिक्सन चाचणी असते. पत्र्याचा तुकडा कडेने घट्ट पकडायचा आणि २० मिलिमीटर व्यासाचा गोल डोक्याचा पंच हळूहळू आत दाबत न्यायचा. तडा जाईपर्यंत पत्रा किती खोल गेला, ते मोजायचं. पत्रा चांगला असूनही चकती पंचच्या दुपटीहून फार मोठी घेतली तर तळाजवळ फाटतेच. मग भांडं दोन टप्प्यांत ओढावं लागतं. म्हणजे कुकर किती खोल असावा, यात प्रेसचंही मत असतं. कागदावर चित्र काढणारे हे विसरतात.

स्टील चांगलं की ॲल्युमिनियम, हा वाद मला अर्धवट वाटतो. स्टीलला चिंच-टोमॅटोचं भय नाही, पण उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून सरस. नुसत्या स्टीलच्या तळाला डाळ लागणारच. म्हणून स्टीलच्या कुकरला तळाशी ॲल्युमिनियमची जाड तबकडी बसवतात. शिवाय स्टील ओढता ओढता कडक होत जातं, प्रेसला जास्त जोर लागतो, आणि तो जोर किमतीत दिसतो. मुठी बॅकेलाइटच्या, कारण ते एकदा साच्यात पक्कं झालं की आचेने पुन्हा मऊ पडत नाही.

आता दाबाची चाचणी. भांडं कुठवर टिकतं हे पाहताना त्यात हवा नव्हे, पाणी भरून दाब देतात. हवा दबते, जोर साठवून ठेवते आणि भांडं फुटलं की तो सगळा एकदम बाहेर फेकते. पाणी जवळजवळ दबतच नाही. तडा गेला की पाणी उडतं आणि दाब तिथेच संपतो.

पण खरी हुशारी आहे झाकणावरच्या बोटाएवढ्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये. तो मुद्दाम कमजोर केलेला भाग आहे. बऱ्याच कुकरांत त्याच्या मधोमध लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, ते इथे फार उशिराचं. त्यात बिस्मथ ठरावीक प्रमाणात मिसळलं की वितळबिंदू १३८ अंशांपर्यंत उतरतो. कुकरमध्ये पाणी असेल तर १३८ अंशांना वाफेचा जादा दाब नेहमीच्या अडीचपटीच्या आसपास असतो. भक्कम भांड्याला तो सोसतो. आणि पाणी आटून कुकर कोरडा तापला, तरी हीच गोळी वितळते. एकच वस्तू दोन्हीकडे पहारा देते.

व्हॉल्व्ह उडाला की काही जण तिथे साधा डाख भरून घेतात. स्वस्तात काम होतं, शिट्टीही पूर्वीसारखी वाजते. पण कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंशांच्या आत वितळतच नाही, आणि त्या तापमानाला आतली वाफ नेहमीच्या जवळजवळ दहापट जोराने झाकण ढकलत असते.