कर्झन-किचनर संघर्ष : मालकांचे भांडण आणि रयतेची तिजोरी
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ब्रिटिश साम्राज्यशाहीचा इतिहास अभ्यासताना आपले लक्ष राज्यकर्ते आणि जित जनता यांच्यातील संघर्षावर असते, आणि ते योग्यच आहे. परंतु राज्यकर्त्यांच्या गोटातही भांडणे होतात. ती विकोपास गेली की एरवी बंद असलेली कपाटे उघडली जातात, गुप्त कागद बाहेर पडतात आणि सत्तेचे यंत्र आतून कसे चालते ते दिसू लागते. १९०५ साली हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सरसेनापती लॉर्ड किचनर यांच्यात असेच भांडण पेटले. शालेय पुस्तकांतून त्याची वासलात दोन गर्विष्ठ पुरुषांच्या स्वभावभेदावर लावून देतात. दोघेही गर्विष्ठ होते यात शंका नाही. पण तेवढ्याने काही उलगडत नाही.

प्रथम यंत्राची रचना पाहू. १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्याची घडी नव्याने बसवली. दोन देशी शिपायांमागे एक गोरा सोल्जर हे प्रमाण सर्वसाधारणपणे ठरले. शतकाच्या अखेरीस सुमारे पाऊण लाख गोरे व दीड लाख देशी सैन्य या देशाच्या महसुलावर पोसले जात होते. या सैन्यावर दोन अधिकारी होते. सरसेनापती हा लढाई, शिस्त, बढत्या, हालचाली यांचा धनी. पण पुरवठा, वाहतूक, दारूगोळा, बांधकामे आणि मुख्यतः खर्चाची छाननी हे सारे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील ‘लष्करी सभासदा’कडे असे. हा सभासदही सेनाधिकारीच, शिवाय हुद्द्याने सरसेनापतीहून कनिष्ठ. तरी सरसेनापतीचा प्रत्येक प्रस्ताव त्याच्या खात्यातून, त्याच्या शेऱ्यासह, व्हाइसरॉयपुढे जाई. थोडक्यात, मुलकी सत्तेने तलवार एकाच्या हाती दिली होती आणि म्यानाची किल्ली दुसऱ्याच्या.

किचनर १९०२ च्या नोव्हेंबरात येथे आला. ओम्दुर्मानचा विजेता, बोअर युद्ध संपवणारा सेनानी असा त्याचा डंका होता. आपल्या कागदांवर कनिष्ठ अधिकाऱ्याने शेरे मारावेत ही गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून खुपली. त्याच्या तक्रारीत तथ्य अजिबात नव्हते असे मी म्हणणार नाही. दोन कार्यालयांत फायली फिरत राहत आणि जबाबदारी कोणाचीच नसे. पण त्याने सुचवलेला उपाय असा की, लष्करी खातेच मोडावे आणि सारे अधिकार सरसेनापतीकडे द्यावेत. कर्झनने हे ओळखले की असे झाल्यास सैन्याविषयी व्हाइसरॉयला सल्ला देणारा एकच आवाज उरेल, आणि तो त्याच सैन्याच्या प्रमुखाचा असेल.

येथे थोडे मागे गेले पाहिजे, कारण लष्कराशी कर्झनचे वाकडे आधीच आले होते. १८९९ साली रंगूनमध्ये वेस्ट केंट पलटणीच्या सोल्जरांनी एका ब्रह्मी स्त्रीवर बलात्कार केला, आणि अधिकाऱ्यांनी प्रकरण दाबण्याचा प्रयत्न केला. कर्झनने ती पलटण एडनला धाडली. १९०२ च्या एप्रिलमध्ये सियालकोट येथे नवव्या लान्सर्स पलटणीच्या बराकींपाशी अटू नावाच्या स्वयंपाक्याला मारहाण झाली आणि काही दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. पलटणीच्या चौकशीत अर्थातच कोणी गुन्हेगार सापडला नाही. कर्झनने साऱ्या पलटणीला शिक्षा म्हणून रजा बंद केल्या. पुढे १९०३ च्या जानेवारीत दिल्ली दरबाराच्या संचलनात नववी लान्सर्स समोरून गेली तेव्हा जमलेल्या गोऱ्या समाजाने टाळ्यांचा कडकडाट केला. व्हाइसरॉयच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच पाहुण्यांनी! पंखेवाल्याला लाथ घालावी आणि तो मेला की प्लीहा फुटल्याचे निमित्त सांगून सुटावे, ही त्या काळच्या गोऱ्या न्यायाची रीत होती. तिला हात लावणारा व्हाइसरॉय आपल्याच लोकांत एकटा पडला होता, हे पुढील घटना समजण्यासाठी ध्यानात ठेवावे.

किचनरने लढाई सिमल्यात न लढता लंडनमध्ये लढली. लेडी सॉल्सबरी या बड्या घरच्या बाईंना तो खाजगी पत्रे लिही आणि ती पंतप्रधान बाल्फोर यांच्यापर्यंत पोचत. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राच्या लष्करी बातमीदारालाही आतील माहिती पुरवली जाई. याच सुमारास, म्हणजे १९०४ साली, कर्झनच्या सरकारने सरकारी गुपितांचा कायदा अधिक कडक करून तो लष्करी बाबींबरोबर मुलकी बाबींनाही लागू केला होता! देशी संपादकांच्या तोंडाला कुलूप, आणि सरसेनापतीच्या टाकाला मोकळे रान. त्या कायद्याला कौन्सिलात विरोध करणारे गोपाळ कृष्ण गोखले होते, याची नोंद येथे करतो.

१९०५ च्या मार्चमध्ये प्रश्न कार्यकारी मंडळापुढे आला. लष्करी सभासद सर एडमंड एलिस यांच्यासह सर्व सभासद एका बाजूला आणि किचनर एकटा दुसऱ्या बाजूला. त्याने वाद घालण्याचेही नाकारले. त्याची खरी बैठक दुसरीकडेच भरत होती. भारतमंत्री ब्रॉड्रिक यांचा ३१ मेचा खलिता आला. लष्करी खाते नावाने मोडले नाही, पण त्याचे ‘लष्करी पुरवठा खाते’ असे पंगू रूपांतर करण्यात आले. कर्झनने काही दुरुस्त्या पदरात पाडल्या. मग नव्या खात्यावर जनरल बॅरो यांना नेमावे असा आग्रह धरला. लंडनने तो फेटाळताच ऑगस्टमध्ये त्याने राजीनामा दिला. पुढे १९०९ साली ते पुरवठा खातेही गेले, आणि किचनरला हवे होते ते सगळे मिळाले.

अभ्यासवर्गात मला एका तरुण कॉम्रेडने विचारले, “म्हणजे या भांडणात कर्झनचीच बाजू न्यायाची होती ना?” प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही टाळू नये. सैन्य मुलकी सत्तेच्या ताब्यात असावे हे तत्त्व बरोबरच होते. पण ज्या मुलकी सत्तेच्या नावाने कर्झन बोलत होता ती कोणाची? त्याच्या कार्यकारी मंडळात एकही हिंदी माणूस नव्हता. पहिला हिंदी सभासद, सत्येंद्रप्रसन्न सिन्हा, १९०९ साली आला. कायदे कौन्सिलात गोखल्यांना अंदाजपत्रकावर भाषण करता येई, मतदान मागता येत नसे. वर्षामागून वर्ष त्यांनी आकडे मांडून दाखवले की सरकारजवळ शिल्लक पडते ती रयतेच्या पोटातून काढलेली आहे आणि ती लष्कर गिळते. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०३ साली दोन आणि १९०५ साली दीड रुपयावर आला. एवढी सवलत मिळवण्यासाठी केवढी झुंज! किचनरची पुनर्रचना मात्र त्याच वर्षांत कोट्यवधी रुपये मागत होती, का, तर वायव्य सरहद्दीवर रशियाचा बागुलबुवा उभा होता. १९०७ साली इंग्लंडने त्याच रशियाशी करार केला. पुनर्रचनेचे बिल रयतेकडेच राहिले.

आणि ज्या महिन्यांत कर्झन मुलकी श्रेष्ठत्वाचा झेंडा मिरवीत होता त्याच महिन्यांत तो बंगालचे दोन तुकडे करीत होता. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी फाळणी अमलात आली. त्या वेळी राजीनामा दिलेला व्हाइसरॉय अजून देशातच होता. बंगाली जनतेचे मत त्याने विचारले नाही. सरसेनापती आपले मत डावलतो म्हणून चिडणाऱ्या माणसाला कोट्यवधी लोकांचे मत डावलताना काही वाटले नाही. बनारसच्या काँग्रेसमध्ये गोखल्यांसारख्या मवाळ अध्यक्षाने त्याची तुलना औरंगजेबाशी केली, ती उगाच नव्हे.

तरीही भांडणाचा निकाल कसा लागला याला महत्त्व होते, आणि त्याची किंमत शिपायांनी मोजली. १९१४ साली मेसोपोटेमियात मोहीम निघाली तेव्हा सरसेनापती होता सर बोशँ डफ, किचनरच्याच हाताखाली तयार झालेला. आता सैन्याचा सेनापती आणि सरकारातील सैन्याचा मंत्री एकच. त्याच्या प्रस्तावावर शेरा मारणारा कोणी नव्हता. नदीवरील बोटी अपुऱ्या, औषधे अपुरी, डॉक्टर अपुरे; तरी सैन्य बगदादकडे पुढे ढकलले गेले. टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना उघड्या तराफ्यांवर घाणीत टाकून बसऱ्याला आणले. अधिक जहाजे मागणाऱ्या अधिकाऱ्याला कामावरून काढण्याची धमकी मिळाली. कुत येथे जवळजवळ पाच महिने वेढ्यात सापडलेली फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. ती होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात इतर प्रांतांच्या शिपायांबरोबर १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरे ती. वेढ्यात उपासमार, मग वाळवंटातून पायपीट. कैदेत हजारो मेले.

चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन, कर्झनच्या काळात चार वर्षांहून अधिक काळ भारतमंत्री राहिलेले गृहस्थ. १९१७ च्या अहवालाने दोन अधिकार एकाच माणसाकडे देण्याच्या पद्धतीला दोष दिला. लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पद्धत मात्र थोड्याफार फेरफारांनी चालूच राहिली. हिंदी माणसाच्या, बलदेवसिंगांच्या, हाती संरक्षण खाते हंगामी सरकारात आले ते १९४६ च्या सप्टेंबरात. त्याच्या सातच महिने आधी मुंबई बंदरात नाविकांनी जहाजांवरचे ब्रिटिश निशाण उतरवले होते, आणि गिरणगाव त्यांच्यासाठी रस्त्यावर आले होते.