फॉर्म्युला तोच, खनिज वेगळं!

आज मी मॅटिल्डाइटबद्दल बोलणार आहे. पेरूतल्या माटिल्डा खाणीवरून हे नाव पडलं. चांदी, बिस्मथ आणि गंधकाचं हे काळपट करडं, वजनदार, पण मऊ खनिज; कठीणपणा जेमतेम 2.5.

खरी गंमत पुढे आहे. सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या वर चांदी-बिस्मथचे अणू कसेही मिसळून बसतात. थंड झालं की थरांत शिस्तीने बसतात, ते मॅटिल्डाइट. म्हणजे नुसत्या फॉर्म्युल्यावरून वर्गीकरण होत नाही, एक्स-रेने रचना बघावी लागते.

याने काय फरक पडतो? 2022 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी याच फॉर्म्युल्याच्या नॅनोकणांत अणू जास्त सारखे मिसळले, तर ते जास्त प्रकाश शोषू लागले. त्यातून अतिपातळ सोलर सेल बनला, तोही शिशाशिवाय! भेटू पुढच्या भागात.