हमी कुणाची, घर कुणाचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विश्ववंद्य तथागत बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही काही विद्वान नाही. गिरणीतली पाळी करून उरल्या वेळात जे वाचले, तेच सांगणार. विषय आहे अमेरिकेतील सरकारी हमीचे घरकर्ज. कुणी म्हणेल, त्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी तिथल्या काळ्या समाजाचे विचारवंत ड्युबॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, तिचे नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या समाजावर जे गुदरले, तो आपलाही धडा आहे.

आधी कर्जाचे बघू. १९३० च्या अगोदर तिकडे साधारण निम्मी रक्कम खिशातून भरावी लागे. उरलेले कर्ज पाच-दहा वर्षांचे, आणि मुदत संपली की मोठी रक्कम एकदम द्यायची. १९२९ ची मंदी आली, कामे गेली, घरे जप्त झाली. तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३४ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन हे खाते काढले. हे खाते कर्ज देत नाही बरं का. कर्ज बँकच देते. खाते त्या कर्जाचा विमा उतरवते. घेणारा थकला तर बँकेचे नुकसान सरकार भरून देणार. बँकेची भीती गेली, मुदत वीस, पंचवीस, पुढे तीस वर्षांवर गेली. हप्ता कामगाराच्या आवाक्यात आला. १९४४ च्या कायद्याने सैनिकांच्या कर्जालाही सरकारी हमी मिळाली.

योजना चांगलीच. पण वाटली कुणाला?

खात्याच्या नियमपुस्तकात काळ्यांची वस्ती जवळ असणे हाच धोका धरला होता. त्या काळच्या सरकारी नकाशांत अशा वस्त्या लाल रंगात रंगवलेल्या असत. डेट्रॉइट शहरात १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. शेजारी काळ्यांची वस्ती, म्हणून विमा मिळेना. त्याने मधोमध सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली, आणि मग विमा मंजूर झाला! ती भिंत आजही उभी आहे. गावकुसाची भिंत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. तिकडे ती सरकारी शिक्क्यासाठी बांधली गेली.

सैनिकांचेही तेच. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांत १९४७ साली घर, धंदा, शेतीसाठी हमीची ३,२२९ कर्जे झाली. त्यांतली काळ्या सैनिकांना किती? दोन. लढाईत रक्त सांडायला चालले, घर मागायला चालले नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. त्यानंतर सातच दिवसांनी घरातला भेदभाव बंद करणारा कायदा झाला. पण तोवर चौतीस वर्षे गेली होती. गोऱ्या कामगाराने लेकरांच्या हाती घर ठेवले, काळ्याने भाड्याच्या पावत्या.

यातून आपण काय घ्यावे? आपल्याकडे आता प्रधानमंत्री आवास योजनेत व्याजाला अनुदान मिळते. अनुदान वेगळे, हमी वेगळी. अनुदानाने आपला बोजा हलका होतो. हमी वाचवते बँकेला, आणि कर्ज मात्र आपल्याच डोक्यावर राहते. आमच्या ओळखीच्या एका भावाने न वाचता जामीनदार म्हणून सही केली. आज दुसऱ्याच्या घराचा हप्ता तो भरतो आहे. म्हणून सही करण्याआधी विचारा : शेवटपर्यंत एकूण किती भरायचे? थकलो तर काय होणार? कागदावर बायकोचे नाव आहे का? वाचता येत नसेल तर विहारात या, आमची शिकलेली पोरे वाचून देतील. लाजू नका.

भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत एक ऋण नसल्याचे सुख आहे. घर जरूर घ्या, पण ते सुख गमावून नको. आणि योजना आली की यादीत आपली वस्ती आहे की नाही, हे संघटितपणे विचारायला विसरू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!