आधी चेंडूचा वेग कमी करा

निवृत्तीनंतर मी इंदूरला असतो. संध्याकाळी सोसायटीतली चार-पाच वर्षांची पोरं माझ्याकडे खेळायला जमतात.

आजोबालोक हौसेनं थेट क्रिकेटचा चेंडू आणतात. तो दीडशे ग्रॅमहून जड. एकदा नाकावर बसला की पुढं चेंडू येताना दिसताच मूल डोळे मिटतं, मान फिरवतं. त्याला भित्रा म्हणू नका. रायफलच्या पहिल्या आवाजाला आमचे रिक्रूटही डोळे मिटायचे, आणि ओरडून ते उघडत नसत.

सुरुवात फुग्यानं करा. तो सावकाश उतरतो, नजरेला वेळ मिळतो. (फुटला तर तुकडे लगेच उचला, घशात अडकतात.) मग समोरासमोर पाय फाकवून बसा आणि मोठा मऊ चेंडू घरंगळवा. त्यानंतर एक टप्पा देऊन. लहान मूल चेंडू छातीशी कवटाळतं, तेही झेलणंच समजा; नुसत्या हातांनी झेलणं साधारण पाच-सहाव्या वर्षी जमू लागतं. आणि कृपा करून कुणाला बाद करू नका. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाहेर बसतो.

एक मुलगी महिनाभर पायरीवरच बसून होती. फुग्याला उठली. आता टेनिसचा चेंडू मागते. मी अजून दिलेला नाही.