एकविसावा शिलिंग



मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, आणि कुणी सांगितलं तर दुकानांची बोधचिन्हंही. मध्यंतरी एका मिठाईवाल्यांचं काम केलं. कागद, छपाई, खोकी, सगळी बिलं त्यांनी मुकाट्यानं भरली. कागदाला रिमाचा भाव असतो, खोक्याला नगाचा. माझ्या आकड्यावर मात्र गाडी अडली. "अहो, चार रेघा तर आहेत! आमचा पुतण्या असलं मोबाइलवर करतो." मग नेहमीचं, पुढची सगळी कामं तुम्हालाच. शेवटी निम्म्यावर तुटलं आणि वर अर्धा किलो पेढे मिळाले, भाजीवर कढीपत्ता घालतात तसे. पेढे मात्र काट्यावर तोलून. एक ग्रॅम इकडेतिकडे नाही.

घासाघिशीला माझी हरकत नाही. मंडईत मेथीची जुडी सकाळी काय भावानं उतरली, याचा दोघांनाही अंदाज असतो. रेघेचं तसं नाही. कागदावर राहिल्या त्या चार. खोडलेल्या साठ गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. आणि दाखवल्या, तर म्हणतो, "मग यातलंच एखादं द्या की स्वस्तात!"

अशा वेळी मला लंडनमधली एक खोली आठवते. 1876 साल. लिव्हरपूलचे जहाजमालक फ्रेडरिक लेलँड यांच्या घरी जेवणाच्या दालनात चित्रकार व्हिसलर यांना थोडंसं रंगकाम सांगितलं होतं. मालक गावाला गेले आणि या गृहस्थांना चेव चढला. छत सोनेरी केलं, खिडक्यांच्या झडपांवर सोनेरी मोर काढले, भिंतीवरचं जुनं, महागडं चामडंसुद्धा निळं करून टाकलं. वर 2000 गिनी मागितल्या. आता, भाव आधी ठरवला नाही ही चूक चित्रकाराचीच. मिठाईवाले तिथं असते तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. लेलँडनी निम्मे दिले. 1000. पण गिनी नव्हे, पौंड.

गिनी म्हणजे 21 शिलिंग, पौंड म्हणजे 20. गिनीचं नाणं तेव्हा पाडतही नव्हते, नुसता हिशेब उरला होता. पण चित्रकाराचा मेहनताना गिनीत मोजायचा आणि दुकानदाराचं बिल पौंडात, अशी तिथली रीत. निम्मे पैसे गेल्याचं दुःख होतंच. त्या एकेका शिलिंगानं मात्र चित्रकाराला दुकानदारांच्या रांगेत नेऊन बसवलं.

व्हिसलरनी त्याच दालनात जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर दोन भांडणारे मोर रंगवले. एक साधा, दुसरा माजलेला, आणि माजलेल्याच्या पायाशी चांदीची नाणी विखुरलेली. ती खोली आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

लेलँडना ती भिंत एका दिवसात पुसून घेता आली असती. त्यांनी ती तशीच ठेवली, आणि 1892 मध्ये वारेपर्यंत त्या मोरांसमोर बसून जेवले.