किनाऱ्यावरील समुद्रहिम : गणित आणि मोजमाप

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्याची तीन दशके सरकारी दप्तरात गेली. तरीही गोठणाऱ्या समुद्राचा विषय मी निवडला आहे. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ घालणे हे आम्हां मंडळींचे नित्यकर्म. या शास्त्रात मला त्याचेच एक उदात्त रूप दिसते.

समुद्राचे खारे पाणी साधारणतः उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. ध्रुवप्रदेशात किनाऱ्यालगत धरणारा बर्फाचा थर भूमीला जखडून राहतो, प्रवाहाबरोबर वाहून जात नाही. त्यामुळे एकाच ठिकाणी भोक पाडून त्याची जाडी आठवड्यामागून आठवडा मोजता येते. गणिताची खरी कसोटी तेथेच लागते.

ध्रुवीय समुद्राकरिता हे गणित व्हिएन्नाचे पदार्थवैज्ञानिक योझेफ स्टेफान यांनी १८८९ ते १८९१ या काळात मांडले आणि मोहिमांनी आणलेल्या नोंदींशी ताडून पाहिले. त्यांचा विचार सरळ आहे. पाणी गोठताना जी उष्णता सुटते, ती वरच्या बर्फातूनच हवेत जाऊ शकते. थर जसजसा जाड होतो, तसतशी ही वाट लांबते आणि वाढ मंदावते. म्हणून जाडी थंडीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. हवा गोठणबिंदूहून १० अंश खाली राहिली, तर १० दिवसांत सुमारे ३५ सेंटिमीटर बर्फ धरेल. पण ७० सेंटिमीटरसाठी २० नव्हे, ४० दिवस लागतील.

आता प्रत्यक्षाकडे वळू. कॅनडाच्या अतिउत्तरेस रेझोल्यूट आणि युरेका येथील हवामान केंद्रांवर १९४७ पासून अशी मोजणी सुरू झाली. रेझोल्यूटला हिवाळ्याअखेर बर्फ सुमारे दोन मीटर भरतो. स्टेफान यांचे सूत्र मात्र त्याहून बरेच अधिक सांगते. ही तफावत आली कोठून? वर पडलेल्या भुसभुशीत हिमामुळे. बर्फाच्या तुलनेत ते उष्णता कित्येक पटींनी कमी वाहून नेते. थंडीत आपण गोधडी पांघरावी, तसे ते समुद्राला पांघरूण घालते. १९५० ते १९८९ या काळातील नोंदी तपासून ब्राउन आणि कोते यांनी १९९२ साली दाखवून दिले की, एका वर्षीचा बर्फ जाड आणि दुसऱ्या वर्षीचा पातळ का, याचे उत्तर हवेच्या तापमानापेक्षा या पांघरुणातच अधिक सापडते. १९९६ साली फ्लेटो आणि ब्राउन यांनी हिमाचा थर हिशेबात धरणारे गणिती प्रतिमान रेझोल्यूट व अलर्ट येथील मोजमापांशी ताडून पाहिले.

दक्षिणेकडे तफावत उलट दिशेची असू शकते. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंडमध्ये हिमपट्टाखालून अतिशीत पाणी येते आणि बर्फाच्या तळाला स्फटिक चिकटतात. केवळ हवेच्या थंडीवर आधारलेले गणित तेथे अपुरे पडते. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २०१२ साली सुरू झालेले आपले ‘भारती’ केंद्र अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

या अंकांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. उत्तरेकडील इन्युइट लोक याच बर्फावरून शिकारीला आणि शेजारच्या वस्तीला जातात. तो केव्हा धरेल, किती भार सोसेल, तापत्या जगात केव्हा फुटेल, हे सांगावयाचे तर प्रतिमान हवे. आणि प्रतिमानावर विश्वास ठेवावयाचा तर मोजपट्टी हवी. दुर्दैवाने पुढे कॅनडातील अनेक केंद्रांवरील मोजणी खंडित झाली. हुकलेल्या वर्षाचा बर्फ वितळून गेला. तो आता कोणालाही मोजता येणार नाही.

म्हणून सूत्र रचणाऱ्यांइतकाच, काळोख्या हिवाळ्यात दर आठवड्याला बर्फात भोक पाडून आकडा लिहिणाऱ्या अनाम नोंदकऱ्यांनाही आपण मान द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.